न चिरलेलं रीळ

भागवत फोनवर म्हणाला, ताई, एकच काय ते ठरव,
दोन यंत्रांचे पैसे नाहीत,
आणि धुळ्याचा अजून एक मे महिना
ही रिळं काढणार नाहीत.
खरं आहे. डबा उघडला की वास येतो,
बरणीच्या तळाशी राहिलेल्या लोणच्याचा.

आबा टॉकीजमध्ये ऑपरेटर. दिवसभर पस्तीस,
दोन बोटं रुंद.
घरी आले की करंगळीच्या नखाएवढं.
मोठं ते लोकांचं, म्हणायचे, आपल्याला आठ पुरे.

तर गल्ली नंबर पाच, पंखा, सतरंजी,
आणि मी, पासष्ट वर्षांची,
खिडकीच्या उजेडात भोकं मोजत बसलेली.

साधं आठ: भोकं मोठी, चित्र बारीक.
सुपर आठ: पट्टी तेवढीच,
कुणीतरी भोकं आवळली आणि माणसं वाढली.
साडेनऊचा एकच डबा आहे, टॉकीजच्या पारशी मॅनेजरने
जाताना दिलेला. त्याचं भोक मधोमध,
एका चौकटीच्या आणि पुढच्या चौकटीच्या मध्ये,
जसं वाक्य बोलता बोलता कुणी आवंढा गिळावा.
आत एक कुत्रा, कुठलासा समुद्र.
आपलं कुणी नाही. तरी टाकवत नाही.

सुपरचे सतरा डबे. साध्याचे अकरा.
सुपरमध्ये माझं लग्न, भागवतची स्कूटर,
लळिंगच्या किल्ल्यावर दम लागलेले सगळे काका.
स्वच्छ दिसतं, चेहरे ओळखू येतात.
हिशेबाने सुपरच घ्यायला हवं.
सुपरमध्ये आई नाही.

साध्यात आहे, पण पाठमोरी, घाईत,
पांझरेच्या पुलावर पदर सांभाळत,
भागवतच्या जावळाला न्हाव्याच्या मागे अर्धी.

ट्रंकेच्या तळाशी एक पाकीट निघालं,
वर आबांच्या अक्षरात: चिरू नये.
आत रीळ. सोळा रुंद.
पुण्याचा मुलगा फोनवर समजावत होता,
साधं आठ म्हणजे खरं तर सोळाच, मॅडम,
एक बाजू काढायची, रीळ उलटं घालायचं, दुसरी काढायची,
मग कारखान्यात उभं चिरून टोकाला टोक जोडतात.
तुमचं चिरलेलंच नाही.

मी काचेवर धरलं.
डाव्या बाजूला आमची गच्ची, आई, खाटेवर धोतर,
धोतरावर ओले बिबडे.
ती मान वर करून काहीतरी म्हणते.
फिल्म मुकी आहे, पण ओठांवरची अहिराणी मला वाचता येते:
मना काय फोटू काढतस, बिबडासना काढा.

उजव्या बाजूला तीच गच्ची. डोकं खाली, पाय वर.
खाट आहे. धोतर नाही.
कठड्यावर एक कावळा, नंतर तोही नाही.
एवढंच, दोन मिनिटं.
मधे एक वर्ष गेलं होतं,
कॅमेरा कपाटात, अर्धं रीळ पोटात घेऊन.
मग आबांनी एका दुपारी ते उलटवलं असणार.
टोकाला केशरी भडका आहे,
उलटवताना हात सावलीत नव्हता.

चिरलं असतं तर आधी ती, मग गच्ची.
एवढा क्रम त्यांना नको होता, बहुतेक.
विचारायला कुणी नाही.

हे कशावर दिसेल? मी विचारलं.
मुलगा हसला. आठवर नाही, सुपरवर तर नाहीच.
सोळाच्या यंत्रावर लावलं तर पडद्यावर चार चौकटी येतील,
दोन सरळ, दोन उलट्या,
आणि उलट्या बाजूचा काळ मागे चालेल.

भागवतला अजून सांगितलेलं नाही.
अठ्ठावीस डब्यांपैकी एकही सोळाचा नाही,
आणि मी सोळाचं यंत्र सांगून बसले आहे,
जुनं, चाळीसगावहून एका शाळेचं,
बल्ब निराळा घ्यावा लागेल.

आला की भिंतीवर चादर लावीन.
डावीकडे ती बिबडे उलटत पुढे पुढे जाईल,
उजवीकडे रिकामी गच्ची, कावळ्यासकट,
मागे मागे येत,
दोघी त्या केशरी भडक्यापर्यंत.