दहा, शून्य, दहा

माघातला मंगळवार. मारेगाव रोडवरचं जिनिंग.
काट्यावर एमएच एकोणतीसचा टेम्पो चढला,
वजन भरलं, पावती काही निघेना.
पडद्यावर एकच ओळ: डिस्कवर जागा नाही.

"जागा नाई म्हंजे?" काबरा मुनीमजींनी चष्मा कपाळावर नेला.
"चार गंज्या कापूस मावते आपल्या आवारात,
अन् ह्या डब्यात एक पावती मावत नाई?"

मी फोल्डरची खिडकी उघडली. पडद्यावरचं घड्याळ
फिरत राहिलं, फिरत राहिलं.
फाटकाबाहेर रांग डांबरी सडकेला लागली,
माणसं कापसावरच आडवी होऊन मोबाईल पाहू लागली.

त्या टेम्पोतूनच उतरला आत्रामाचा निखिलेश,
यवतमाळच्या पॉलिटेक्निकमधून सुट्टीवर आलेला,
केसांत कापसाचं बोंड तसंच.
त्यानं काळा पडदा उघडला. चित्र नाही, बटण नाही,
नुसती एक उभी काडी, उघडझाप करणारी.
पेनड्राइव्हवरून काहीतरी उतरवून घेतलं,
चिमूटभर.

"जुनी आज्ञा एकटी निंदते, बाई,
ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.
हे आठ बाया लावते. एकेकीले एकेक पात."

मला पटलं. आईच्या टोळीत मीही पात धरलेली;
जिची आधी सरते ती शेजारणीच्या पातीत शिरते,
बोलणं मात्र मध्ये तुटत नाही.

मुनीमजींनी खर्ऱ्याची पन्नी सोडली,
चिमूट तोंडाशी नेईपर्यंत
सगळं वावर निंदून झालं होतं.

नावाखाली नाव, फांदीखाली फांदी,
आणि उजवीकडे ज्याच्या त्याच्या जाडीची पट्टी.
टिंबाआड लपलेली फोल्डरंसुद्धा सुटली नाहीत:
मुनीमजींचा पत्त्यांचा डाव, तीन एमबी.
दोन नावांनी ठेवलेला एकच हिशेब
त्यानं एकदाच मोजला.
मुनीमजी खाकरले.

बाकी साऱ्या पट्ट्या काडीएवढ्या.
एकच काठाला टेकलेली:
काटा, फोटो, रिकामा.
छप्पन्न जीबी. दोन लाख ऐंशी हजार फोटो.

रिकाम्या काट्याचे?

निखिलेशनं एक उघडला. रात्रीचा, करडा.
लोखंडी फळीच्या मधोमध सरकी झोपलेली.
दुसरा. सरकी. पन्नासावा. सरकी, शेपूट उलट बाजूला.

आमच्या काट्याचं पाऊल दहा किलोचं.
पाचच्या आत असेल ते त्याला कळत नाही,
पाच ओलांडलं की दहा म्हणतो.
आकडा हलला की वरचा कॅमेरा फोटो काढतो,
कोणी वजन मारू नये म्हणून.

दसऱ्याला गठाणींमागे जन्मली तेव्हा
सरकी ओंजळीएवढी होती. तेव्हाही तिथेच झोपायची,
लोखंडाला दिवसभराचं ऊन राहतं.
पहिला फोटो निघाला संक्रांतीच्या रात्री,
एक वाजून बारा मिनिटांनी.
त्या रात्री पोरगी पाच किलोची झाली.

मग श्वास आत: दहा.
श्वास बाहेर: शून्य.
दहा, शून्य, दहा, पहाटेपर्यंत,
अठ्ठावीस रात्री.

"उडवू?" निखिलेशनं विचारलं.
काडी उघडझाप करत थांबली होती.
बाहेर कोणीतरी हॉर्न धरून ठेवला.
मुनीमजी पडद्याशी वाकले, बराच वेळ पाहिलं.
"हिच्या मायनं तर मले कधी जवळ येऊ देल्लं नाई," म्हणाले,
मग, "उडव. रांग पाह्य कुठं गेली."

पुसायला मोजण्यापेक्षा फार वेळ लागला.
पुन्हा एंटर मारला, ती पट्टीही काडीएवढी झाली.
पावती निघाली, शाई थोडी फिकी.
कॅमेऱ्याला सांगितलं, पन्नास किलोच्या खाली
डोळा उघडायचा नाही.

रात्री कुलूप लावताना मी काचेतून पाहिलं.
फळीवर ती, पाय पोटाशी.
लाल आकडा लागत होता, विझत होता,
आणि वरचं कोणी
काहीच लिहून घेत नव्हतं.