गृहीत पत्ता

रायबंदरच्या धक्क्याजवळ, बंद पडलेल्या टाइल्सच्या दुकानावर
आमची खोली. टेबलावर सात बोर्डं.
एक मासळीबाजारातल्या काट्याचं,
एक भरती मोजणारं, खारं लागून कडेला हिरवं पडलेलं,
एक तिकिटाच्या यंत्रातलं.
बाकीची कुणाची, ते आता लॉरेनालाच आठवतं.

परवापर्यंत सातांचे सात कर्नल होते.
एक चूक सापडली की सात वेळा दुरुस्त करायची,
आणि सहाव्या वेळी नेमकी जेवायची वेळ व्हायची.
म्हणून सातव्यात ती चूक अजून आहे.

लॉरेना म्हणाली, एकच बांधू.
एकच इमेज, सातांनाही चालेल अशी.
मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, बघू.

मग आठवडाभर मी फक्त खोडत होतो.
मेमरी इथून सुरू होते: खोडलं.
सिरियल पोर्ट त्या पत्त्यावर: खोडलं.
घड्याळाचा वेग, पिनांचे क्रमांक,
पाच वर्षं जे जे मला तोंडपाठ होतं
आणि ज्याचा मला, खरं सांगायचं तर, थोडा माज होता.
आता प्रत्येक बोर्ड आपलं झाड आपणच घेऊन येणार,
कुठल्या फांदीवर काय बसलंय ते सांगणार.
कर्नलनं जागं झाल्यावर एवढंच विचारायचं:
मी कुठे आहे?

सहा बोलली. सातवं
'उलगडतोय' म्हणालं आणि गप्प.
काळ्या पडद्यावर कर्सर,
उघडमीट, उघडमीट.

साडेआठची चोडणची बोट मिळाली.
पलीकडे ओहोटी. बाबुसो रॅम्प सोडत होता,
खाली, आणखी खाली,
लोखंड दगडावर खरवडेपर्यंत.
किती सोडायचा ते कसं कळतं रे?
'कळना,' तो म्हणाला. 'लागता मेरेन सोडप.'

मी उतरलोच नाही. त्याच बोटीनं परत.

दीड वाजता सापडली. एक ओळ, एक पत्ता,
काट्याच्या बोर्डाचा, सगळ्यांवर लादलेला.
शेजारी शेरा: 'तात्पुरतं.'
खाली माझंच नाव, पाच वर्षांपूर्वीची तारीख.

खोडली. बांधलं. वीज दिली.
सातव्यानं आधी स्वतःचं नाव सांगितलं,
लॉरेनानं लिहिलं होतं तसं, एक अक्षर चुकवून.

सकाळी ती आली, पाव घेऊन.
मी म्हटलं, ती जेवणवेळची चूकही गेली, सातांतूनही.
'हो,' ती म्हणाली,
'आता पुढची होईल ती सातांत एकदम.'