आमचा नंबर

एप्रिलचा शेवटचा गुरुवार, लॅकवाना गाव.
सरोवरावर बर्फाच्या दोन-चार लाद्या अजून रेंगाळतायत
जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यांसारख्या.
झिगमंडच्या तळघरात आम्ही पाच जण,
सॉसेजचं पातेलं, आणि माझी वही.

वहीत एकतीस वर्षं आहेत.
आपण कोणाला घ्यायला हवं होतं: निळ्या शाईत.
कोणाला घेतलं: लाल.
निळे बरेचसे पुढे दुसऱ्यांच्या गावात मिरवणुकीत फिरले.
लाल शाईतला एक जण टोनावांडाला जुन्या गाड्या विकतो.
मी त्याच्याकडून एक घेतली. गिअर अडकतो.

यंदा मागणं फार नव्हतं.
डाव्या बाजूला एक डोंगर हवा होता, बस.
क्वार्टरबॅकच्या पाठीशी उभा राहील
आणि कोणाला आत येऊ देणार नाही.
क्विन्सी बोथवेल. साडेसहा फूट, तीनशे बारा पौंड,
हाताची वीत साडेदहा इंच.
स्थळ बघायला आल्यासारखं या पोरांना
चालून दाखव म्हणतात, पळून दाखव, वाकून दाखव,
दात तेवढे मोजत नाहीत.
मला बोथवेलचे सगळे आकडे पाठ आहेत.
माझ्या नातवाचं वजन विचारलंत तर सांगता येणार नाही.

सोळा. सतरा. बोथवेल अजून शिल्लक.
अठरा. डॉलोरेसने छातीवर क्रूस काढला.
एकोणीस, आम्ही.
घड्याळ उलटं पळतंय, पातेल्याकडे कोणाचं लक्ष नाही.
सूटवाला माइकपाशी आला, चिठ्ठी उघडली,
आणि म्हणाला:
एलिस हॅवरकँप. किकर.

किकर!
ज्या फुटबॉलमध्ये पाय नावापुरता,
त्यात आम्ही पहिल्याच फेरीत पाय घेतला.
काखेत कळसा होता हो,
साडेसहा फुटी कळसा!
मी पुढे काय बोललो ते डॉलोरेस लिहू देत नाही.
मॅनेजरच्या आईपासून सुरुवात केली
ते मालकाच्या बोटीपर्यंत आलो.
झिगमंडने टीमची टोपी काढून कुत्र्याला घातली.
कुत्रा उठून वर निघून गेला.

मग कॅमेरा त्या पोराच्या घरी गेला.
नेब्रास्कात कुठेतरी, एका सोफ्यावर नऊ माणसं.
बाप दूध डेअरीच्या जाकिटात, आईची मूठ तोंडावर,
पोरगं फोन कानाला लावून हो सर, हो सर,
आणि मागे एक म्हातारी,
काय झालंय ते तिला कळलेलं नाही,
नुसती टाळ्या वाजवतेय.

अठ्ठ्याहत्तर साली भट्टीच्या फाटकावर
आम्ही चाळीस जण रांगेत होतो.
मुकादम तळहात बघत बघत पुढे गेला.
तू. तू नको. तू.
मला म्हणाला, खांदे बरे आहेत.
मी घरापर्यंत पळत गेलो होतो, खांद्यांसकट.
पाच वर्षांनी फाटकालाच कुलूप लागलं.
हे मध्येच का आठवलं, ठाऊक नाही.
बिअर असेल.

विसाव्या नंबरला बोथवेल गेला.
आमच्याच गटातल्या टीमला.
म्हणजे वर्षातून दोनदा येऊन उरावर बसणार.

डॉलोरेस म्हणाली, चला, पदरी पडलं.
पुढचं मी म्हटलं नाही.
वही उघडली. निळ्यात बोथवेल.
लाल पेन चालेना,
झटकलं, जिभेला टेकवलं,
आणि हॅवरकँप लिहिलं,
स्पेलिंग टीव्हीवरून बघून.

घरी जाताना फुटपाथवर बिअरचा रिकामा डबा.
मागे-पुढे पाहिलं. कोणी नव्हतं.
गुडघ्याचं काय होईल त्याचा विचार न करता
दोन दिव्यांच्या खांबांमधून हाणला.

उजवीकडून बाहेर गेला.