लयकारिका

गावडोंगरीच्या साईश वेळीपची काचपट्टी
आज बांबोळीत माझ्या टेबलावर आली.
वय सात. प्लीहा बेंबीपर्यंत.
अस्थिमज्जेचा थेंब, जांभळा रंगवलेला.

भिंगाखाली फुगलेल्या पेशी,
आत घड्याच घड्या.
पोदेराने पाव बांधून दिलेला कागद
कुणी मुठीत चुरगळावा, तशा.

शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, लयकारिका.
आणि कंसात: आत्मघाती पिशव्या.
आम्ही हसलो होतो.
तो कंस मला आता पटत नाही.

एकाच पदराची इवली पिशवी.
आगशीला आमच्या शेजारी पिएदादमावशीच्या फळीवर
माडाच्या सुरेचा शिर्का असतो,
बरणीत इतका जहाल, आणि घरात वाससुद्धा नाही.
तसंच हे. पदरातले पंप
रात्रंदिवस आंबटपणा आत ओढतात,
आणि त्या आंबटातच
साठेक विकरं कामाला लागतात.
थकलेली तंतुकणिका, गिळलेला जंतू,
वाकडं घडलेलं प्रथिन,
सगळं उसवून, सुटं करून
पेशीला परत.
परत देतात, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

साईशकडे साठांतलं एक विकर नाही.
एकच.
बाकीची हजेरीपटावर सही करून बसलेली.
मेलेल्या रक्तपेशींच्या भिंतींतली चरबी
येते आणि थांबते,
येते आणि थांबते,
कालची, परवाची, बारशाच्या दिवसाची.

बाहेर बाकावर त्याची आई, उमेदा.
मला पाहून उठली.
"कायतरी वाईट खाल्लं का गो त्यानं?"
डॉक्टर सांगतील, एवढंच म्हणायचं असतं मला.
तरी बोलून गेले,
"नाही बाय. खाल्लेलं नाही.
त्याच्या पेशींकडून जुनं सुटत नाही."

ती जरा गप्प राहिली.
"आमच्या घरात कुणाकडूनच सुटत नाही," म्हणाली,
आणि हसली, मग डोळे पुसले,
की आधी पुसले, मला आठवत नाही.

लय म्हणजे विरणं.
लय म्हणजे तालही,
हे मला आत्ता, अहवालावर तारीख घालताना सुचतंय:
साठवणीच्या पेशी आढळल्या.
विकराची चाचणी करावी.

खिडकीतून दिसतात दोघं.
साईश पाव खातोय, मधला मऊ भाग आधी.
ती त्याचा कागद मांडीवर ठेवून
तळव्याने सरळ करते,
चार घड्या घालते,
पिशवीत ठेवते.