माझे मत असे की

बँकेचं पत्र आलं, सोबत बावीस झेरॉक्स.
तासगावजवळचा गट, त्यावर बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज व्हायचंय.
तीस वर्षांचा शोध घेऊन मालकी निर्वेध आहे का, कळवावे.
गुरुवारपर्यंत.

मी सबरजिस्ट्रारकडे सूची दोनची पानं उलटत बसले.
शाई उडालेली, पानांत झुरळाची अंडी,
आणि बाहेर भूपालअण्णा चौगुले दर अर्ध्या तासानं
डोकं आत घालून: झालं का हो ताई?
तुमचं मत तर हवंय, त्याला एवढं काय!

अण्णा, मला काय वाटतं ते मी चहाच्या गाड्यावर सांगते.
मतपत्रात फक्त तेवढंच लिहायचं
जे उद्या कोर्टात कुणी उलटं धरून झटकलं
तरी खाली पडणार नाही.

माईणकर वकिलांच्या हाताखाली मी सहा वर्षं होते.
ते म्हणायचे, पाहिलंस तर लिही 'पाहिले'.
दाखवलं असेल तर लिही 'दाखवण्यात आले'.
या दोन शब्दांमधल्या फटीत बँका बुडाल्यात, पोरी.

मग तो फेरफार.
बाराशे अठरा, सन एक्क्याण्णव.
मयत दादू भरमू चौगुले. वारस मुलगे दोन.
मुलगी एक, राजमती.
आणि शेऱ्याच्या रकान्यात तलाठ्याच्या वळणदार अक्षरात:
मुलगी दिल्या घरी सुखी, सबब नाव दाखल नाही.

अण्णा म्हणाले, आमची राजमती काय बोलायची नाही.
दर भाऊबीजेला येते की.
मॅनेजरांचा फोन आला, मॅडम, एकच ओळ,
'निर्वेध व बोजाविरहित'. बाकी आम्ही बघतो.
बाकी कोण बघतं ते मला ठाऊक आहे.
सही माझी असते.

लिहिलं:
माझे मत असे की, राजमती दादू चौगुले,
सध्याचे नाव व पत्ता कागदपत्रांत आढळत नाही,
यांचा एक तृतीयांश हिस्सा अबाधित असून
त्यांच्या नोंदणीकृत हक्कसोडपत्राखेरीज
अथवा त्या स्वतः कर्जात सामील झाल्याखेरीज
गहाण घेणे बँकेच्या हिताचे नाही.

शेवटचा परिच्छेद छापील, एकोणीस वर्षांत बदललेला नाही:
सदर मत केवळ बँकेच्या उपयोगासाठी आहे,
तिऱ्हाइताने यावर विसंबू नये.

सोमवारी तिऱ्हाईत माझ्यासमोर बसली होती.
कागवाडहून पहिल्या एसटीनं आलेली,
पिशवीत भावासाठी चटणीचा डबा.
अण्णांनी हक्कसोडाचा मसुदा पुढे सरकवला,
पेनाचं टोपणही काढून दिलं.

ती म्हणाली, आधी ते वाचा, ज्यात माझं नाव आहे.
मी फेरफार वाचला.
सबब नाव दाखल नाही, इथं थांबले.

परत वाचा.
परत वाचला.

चष्मा पुसत ती म्हणाली, त्या साली
मी धुण्याभांड्यांची चार घरं धरली होती.
तलाठी आला नव्हता विचारायला.
अण्णा खिडकीकडे बघत राहिले.

तिनं पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.
सहीचं बघू, म्हणाली.
आधी या पानाची एक झेरॉक्स द्या.
दोन रुपये मी देते.