सात लग्नांचा एक झगा

झगा एकच होता. नऊ वर्षं, सात लग्नं.
बर्बँकच्या त्या स्टुडिओत, चौदा नंबरच्या शेडमध्ये
दर वेळी मीच तो उसवला, मीच शिवला.
पाठीवरची मोत्याची बटणं खोटी.
आत वेल्क्रो,
म्हणजे दारात अडकून टरकन फाटायचा
तो वेळेवर फाटावा.

पहिल्या लग्नात नवरा लिफ्टमध्ये अडकला.
दुसऱ्यात पाद्री भलताच आला,
अर्धं प्रवचन त्याने अंत्यविधीचं वाचलं
आणि बराच वेळ कुणाला काही खटकलं नाही.
तिसरं मला आठवत नाही. बकरी होती त्यात.
शुभकार्यात सतराशे साठ विघ्नं म्हणतात,
लेखकांना ती मोजून लागत:
नाहीतर बावीस मिनिटं भरायची कशाने?

केक वेंडेल टटलचा.
सहा मजले थर्मोकोलचे, सातवा खरा,
कारण त्यावर कुणीतरी बसायचं असे.
"फिलोमेना," तो म्हणायचा, "लेमन की व्हॅनिला?"
जणू बसणाऱ्याला चव कळणार होती.

आणि दर लग्नाच्या शेवटी तेच.
पाहुणे पांगलेले, नवरा कुठेतरी टॅक्सीत,
पायरीवर फाटक्या झग्यात नवरी
आणि शेजारी तिची मैत्रीण,
दोघी हातानेच केक खाताहेत.
संहितेत फक्त एवढंच: 'दोघी बसतात.'
दोनशे प्रेक्षक, बसने आणलेले, एसीत कुडकुडणारे,
इथे हसायचे थांबत.
'टाळ्या'ची पाटी पेटायची, तरी क्षणभर कुणी हलायचं नाही.

दिवे गेले की त्या दोघी वेगवेगळ्या दारांनी घरी जात.
तीन वर्षं बोलत नव्हत्या, पैशांवरून काहीतरी.
पायरी रिकामी व्हायची,
मग तिथे आम्ही बसायचो.
माझ्या तोंडात टाचण्या, त्याच्या बाहीला आयसिंग.
त्याच्या आईचं ऑपरेशन, माझा घटस्फोट,
सगळं त्या प्लायवूडच्या पायरीवर झालं.
तिला मागून आधारच नव्हता. दोन खिळे.

मालिका संपली. भिंती तीनच होत्या,
दुपारपर्यंत त्याही गेल्या.

मग वेंडेल बोहल्यावर चढला,
नॉरवॉकच्या सरकारी कचेरीत, एका गुरुवारी,
चौसष्टाव्या वर्षी, ल्यूथरबरोबर.
साक्षीदार मी.
सगळं वेळेवर. लिफ्ट चालू.
कारकून बाई नीटनेटक्या, नावं बरोबर वाचली.
वेंडेलचा मात्र जीव थाऱ्यावर नाही,
सारखा दाराकडे बघतोय.
मला कळलं, तो बकरीची वाट बघतोय.

अंगठी माझ्या हातातून पडली.
मुद्दाम का, ते मी त्यालाही सांगितलेलं नाही.
टणटण करत गेली ती लोखंडी कपाटाखाली,
आणि आम्ही चौघं गुडघ्यांवर,
ल्यूथरचा सूट धुळीत, बाईंचा चष्मा कपाळावर,
वेंडेल खो खो हसतोय,
डोळ्यांतून पाणी, पाटीबिटी काही नाही.

शेवटी बाईंनी झाडू आणला.
कपाटाखालून निघालं:
पेनाचं टोपण, जळमटं, आमची अंगठी
आणि अजून एक अंगठी.
कुणाची, कुणास ठाऊक.
बाईंनी ती फुंकर मारून पुसली
आणि खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.