मिळवायचा तास

पहिल्या दिवशी शिड्याच शिड्या.
ऑरिननं सदतिसाव्वीपर्यंत मोजल्या, मग रडला,
मग म्हणाला, रडलो नाही, चष्म्यावर धुकं आलं.
तो चष्मा लावत नाही.

आईच्या पाठीवर तंबू, माझ्या पाठीवर भांडी,
अस्वलाला उघडता येऊ नये असा शिध्याचा डबा
डर्मटच्या पाठीवर,
आणि ऑरिनच्या पाठीवर ऑरिनचा संसार:
दोन मोजे, एक शिट्टी,
आणि "ठेव ते परत" म्हटलेले
नऊ दगड.

डर्मटला मी तेव्हा काहीच म्हणत नव्हते.
बाबा तर नाहीच, डर्मटही नाही.
मीठ हवंय. दोर सैल आहे. पाणी उकळलं.
हाक नसलेली वाक्यं
मला फार सफाईनं जमू लागली होती.

देवदारांखालचा चिखल आधी घोट्यापर्यंत होता, मग पोटऱ्यांपर्यंत.
आईचा डावा बूट त्यानं ठेवूनच घेतला,
आणि डर्मटनं कोपरापर्यंत हात घालून ओढला तेव्हा
मोठा ढेकर देऊन सोडला.
आई हसली.
तिला हसवणारा चिखल होता, असं मी ठरवलं.

खाडीच्या तोंडाशी होडीवाली डोरीन.
ही किनारपट्टी तिच्या माणसांची, वाटेला नकाशा नव्हता तेव्हापासून.
तिनं उकडलेले खेकडे दिले आणि आमच्या बुटांकडे पाहून म्हणाली,
"पुढच्या टोकाशी घाई करू नका. ते टोक कुठं जात नाही."

त्या रात्री डर्मट कपाळावरच्या दिव्यात
भरती-ओहोटीचं कोष्टक वाचत होता.
"पूर्ण ओहोटी नऊ बारा. पाचला उठायचं."
पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ होती:
उन्हाळ्यात एक तास मिळवावा.
माणसं घड्याळं पुढं सारतात,
समुद्राला ते कुणी कळवत नाही.
ती ओळ मी वाचली
आणि झोपायच्या पिशवीची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

पाचला उठलो. थंड ओट्स. ओला तंबू, दुप्पट जड.
टोकाशी पोचलो तर पाणी अजून कड्याला
खांदा लावून उभं.
आईनं मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
काही बोलली नाही,
ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.
डर्मटनं कागद उलगडला. बोट सरकत सरकत
तळाच्या ओळीवर थांबलं.
"एक तास मिळवायचा राहिला," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, मजा येईल.

आई पाठपिशवीवर मान टाकून झोपली, तोंड उघडं ठेवून,
कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा अशी.
ऑरिन डबक्यातल्या जांभळ्या ताऱ्याला
एकेक दगड दाखवत होता, नावासकट.
लांब कुठंतरी देवमाशानं श्वास टाकला,
आम्ही वळेपर्यंत नुसती वाफ उरली.
डर्मट येऊन बसला. माझ्यापासून एका माणसाची जागा सोडून.
सुकवलेल्या सफरचंदाच्या चकत्या मधे ठेवल्या.
"तुला माहीत होतं,"
समुद्राकडे बघत म्हणाला. प्रश्नचिन्ह नव्हतं.
"हो."
बराच वेळ त्यानं फक्त चावलं.
"पुढच्या वेळी सांग. तिला
तासभर जास्त झोपता आलं असतं."
आणि कोष्टक माझ्या मांडीवर ठेवलं,
घड्या घातलेलं, दमट, सफरचंदाचा वास येणारं.

मग खडक वर येऊ लागला, आधी काळा, मग हिरवा,
रस्ता म्हणावा इतका सपाट.
मी पुढं. कोष्टक खिशात.
दहाव्या पावलाला पाय सरकला,
एका हातानं कड्याला धरलं आणि ओरडले,
"डर्मट, इथं शेवाळ आहे!"

मागून आवाज आला, "कळलं."
बाकी काही नाही. बरं झालं.

अजून दोन दिवसांची वाट होती.
दोन्ही दिवस पाऊस लागला,
आणि ऑरिनचे दगड अकरा झाले.